उणे २९ डिग्रीत गरी: लेक ऑफ द वूड्सवर वॉलआय गरवायला गेलो ते

आमच्या घरात गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणत नाहीत. कोकणात आचऱ्याला घर, मागे खाडी, बाबा अजूनही ओहोटी-भरती बघून गरी, म्हणजे गळ, घेऊन बाहेर पडतात, त्यामुळे तळ्यातला मासा म्हणजे चिखलाचा वास हे माझ्या डोक्यात लहानपणापासून फिट बसलेलं. मिनेसोटात येऊन नऊ वर्षं झाली. इथली माणसं वॉलआय म्हटलं की वेडी होतात, १९६५ पासून तो राज्याचा अधिकृत मासा आहे, मी एकदा हॉटेलात ब्रेडचा चुरा लावून तळलेला खाल्ला, बरा लागला, विषय संपला.

मग यंदाच्या जानेवारीत शेजारी मागे लागला. रिटायर्ड माणूस, तीस वर्षं स्कूल बस चालवली, दर वर्षी थंडीत वर कॅनडाच्या बॉर्डरवर लेक ऑफ द वूड्सला, गोठलेल्या तळ्यावर मासे गरवायला जातो. त्याच्या नेहमीच्या जोडीदाराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बर्फावरची खोली आधीच बुक, चार बंक, माणूस एकच. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता मला म्हणाला येतोस का. माझा मेव्हणा तेव्हा टेक्सासहून आमच्याकडे आलेला, त्याने आयुष्यात उणे पाचच्या खाली थंडी बघितलेली नाही, आणि बायको म्हणाली जा दोघंही, इथे सोफ्यावर लोळत नेटफ्लिक्स बघण्यापेक्षा बरं. तर गेलो.

आधी लायसन्स. मी मिनेसोटाचा रहिवासी म्हणून साधं वर्षाचं, मेव्हण्याला बाहेरचा म्हणून तीन दिवसांचं, दोन्ही फोनवर पाच मिनिटांत झाली. कपड्यांच्या बाबतीत मात्र माती खाल्ली. शेजाऱ्याने तीनदा सांगितलं होतं की सुती काही घालू नकोस, लोकर किंवा सिंथेटिक घाल. मी वर सगळं बरोबर घातलं आणि पायात ऑफिसचे सुती मोजे दोन जोड्या एकावर एक. दोन जोड्या म्हणजे डबल ऊब असा हिशोब. झालं असं की बूट टाइट झाले, घाम आला, मोजे ओले झाले आणि दुपारपर्यंत पायाची बोटं आहेत की नाहीत ते वाकून बघायला लागत होतं. शेवटी शेजाऱ्याने त्याचे जाडे लोकरीचे मोजे दिले, काही बोलला नाही, फक्त "उफ डा" म्हणाला. हे इथलं नॉर्वेजियन लोकांचं "अरे देवा" आहे, कशालाही चालतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. मिनिॲपोलिसहून बॉडेट गाव साडेचार-पाच तास, आम्हाला सहा लागले. ब्लॅकडक सोडलं की हायवे ७२ वर काहीच नाही, दोन्ही बाजूला दलदल, खुरटी झाडं आणि मध्ये वॉस्किश, अप्पर रेड लेकच्या काठावर. तिथून जाताना शेजाऱ्याने सांगितलं की ह्या रेड लेकमधला वॉलआय इतका उपसला होता की १९९९ मध्ये मासेमारी पूर्ण बंद करायला लागली, रेड लेक नेशनच्या ओजिब्वे लोकांनीही, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनीही, स्वतःची जाळी बंद ठेवली, लाखो पिल्लं सोडली आणि २००६ मध्ये परत चालू झालं. सात वर्षं! आमच्याकडे जून-जुलैची दोन महिन्यांची बंदी आली तरी किती बोंबाबोंब असते. ओजिब्वे भाषेत वॉलआयला ओगा म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. पुढे कॅनडात गेलं की लोक त्याच माशाला पिकरेल म्हणतात. बांगड्याला देवगडात एक आणि पलीकडच्या गावात दुसरंच नाव असावं तसं.

बॉडेट म्हणजे हजारेक वस्तीचं गाव, रेनी रिव्हरच्या काठावर, पलीकडे कॅनडा. नदीच्या कडेला चाळीस फुटी वॉलआयचा पुतळा उभा केलाय, १९५९ पासून आहे, त्याचं नाव विली. वॉलआयची जागतिक राजधानी असं गावाने स्वतःच स्वतःला म्हणून घेतलंय. मेव्हण्याने रात्री साडेआठला उणे २४ मध्ये विलीसोबत सेल्फी काढला आणि फोनची बॅटरी ४० टक्क्यांवरून थेट बंद. फोन आतल्या खिशात अंगाला लावून ठेवायचा असतो हे त्याला तेव्हा कळलं.

मोटेलवर पोचून घरी व्हिडिओ कॉल लावला. आचऱ्याला शनिवारची सकाळ. आई म्हणाली शनिवारी मासे कशाला मारताय, बाबा म्हणाले, "काय रे, बर्फार बसान मासे गरवतंस? थंय पाणी खंय आसा?" मी समजावलं, दोन फूट बर्फ, त्याला भोक, खाली पाणी, तीस फूट खोल. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "तीस फूट म्हणजे दोर लांब. ओढ लागाची वाट बघू नको. गरी जड लागली काय उचल. हलकी लागली तरी उचल. होती तशी रवली नाय म्हणजे थंय कोण तरी इलो." मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. आपल्याला काय, इथे पाण्याखालचा मासा दाखवणारं सोनार यंत्र आहे, इलेक्ट्रॉनिक आहे सगळं.

सकाळी साडेसातला अंधारच, तिकडे सूर्य आठच्या सुमारास उगवतो. रिसॉर्टच्या धक्क्यावरून बर्फावर नेणारी जी गाडी असते ती बघूनच पैसे वसूल. बॉम्बार्डिअर म्हणतात तिला. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा पट्टा, पाणबुडीसारख्या गोल खिडक्या, आत दोन बाजूंना बाकडी, थेट आपली वडाप. माणसं, सामान, कुत्रा, सगळं कोंबतात आणि दार लावतात. मूळ डिझाइन क्यूबेकच्या जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिअरचं, १९४० च्या दशकातलं. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद म्हणून त्याच्या दोन वर्षांच्या पोराला हॉस्पिटलला नेता आलं नाही, पोरगं गेलं, बर्फावर चालणाऱ्या गाडीचा नाद ह्या माणसाला पोरवयापासूनच होता, पण त्यानंतर तिच्या मागे लागला तो लागलाच. पुढे त्याच नावाची विमानं आणि मेट्रो सगळ्या जगाने बघितली, पण इथे त्या जुन्या गाड्या अजून पेट्रोलचा वास सोडत माणसं वाहतात.

बर्फावरून गाडी जाते म्हटल्यावर मेव्हण्याने दोन वेळा देवाचं नाव घेतलं. सरकारी गणित असं की स्वच्छ काचेसारख्या बर्फावर माणसाने चालायला ४ इंच तरी पाहिजेत आणि गाडीला त्याच्या कितीतरी जास्त. पांढरा बर्फ असेल, म्हणजे स्नो भिजून गोठलेला, तर त्याची ताकद निम्मीच धरायची. आम्ही गेलो तेव्हा २५ इंच होता. तरी रिसॉर्टवाले रोज मोजतात, कारण तळं मोठं असलं की बर्फाचे तुकडे एकमेकांवर रेटतात, मध्ये उंचवटा येतो, तिथे फट पडते, उघडं पाणी दिसतं. अशा एका फटीवर लोखंडी-लाकडी पूल टाकलेला, त्यावरून बॉम्बार्डिअर गेली तेव्हा गाडीतलं सगळं बोलणं आपोआप थांबलं. रस्ता ओळखायला बर्फात ख्रिसमस ट्री रोवलेले, नाताळ झाल्यावर फेकून द्यायची झाडं, त्यांचा असा उपयोग. वादळात पुढचं काही दिसत नाही तेव्हा एका झाडावरून दुसरं गाठायचं.

तळं किती मोठं तर साधारण ४,३५० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून अशा सात मुंबया. चौदा हजारांवर बेटं, पण ती वरच्या बाजूला, आम्ही होतो तो दक्षिणेकडचा भाग म्हणजे नुसता सपाट, काठापासून वीसेक किलोमीटर आत, चारी बाजूंना पांढरं आणि क्षितिज. साधारण एक तृतीयांश तळं अमेरिकेत, बाकी बहुतेक कॅनडाच्या ओंटारिओत, थोडं मॅनिटोबात. १७८३ च्या तहाच्या वेळी ज्या नकाशावरून रेघ मारली तो नकाशाच चुकीचा, म्हणून अमेरिकेचा एक तुकडा पाण्यापलीकडे कॅनडाला चिकटून राहिलाय, नॉर्थवेस्ट अँगल, रस्त्याने जायचं तर दोनदा बॉर्डर ओलांडायची. दुपारी माझ्या फोनवर मेसेज आला, वेलकम टू कॅनडा. माझा एच-वन व्हिसाचा स्टॅम्प संपलेला! बाकी लोक मासा सुटला म्हणून घाबरतात, मी तो मेसेज बघून खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेजारी हसून हसून रडला. टॉवर तिकडचा लागला होता फक्त, बॉर्डर लांब होती, पण हे आपल्या लोकांनाच कळेल.

खोली म्हणजे प्लायवूडची पेटी, आमच्या शौचालयापेक्षा मोठी आणि हॉलपेक्षा लहान. चार बंक, प्रोपेनचा हीटर, दोन बर्नरची शेगडी, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि फरशीला सहा झाकणं. झाकण उघडलं की खाली बर्फ. रिसॉर्टचा पोरगा ऑगर घेऊन आला, दहा इंची ड्रिल समजा, माणसाच्या कमरेएवढं, सुरू केल्यावर वीस सेकंदांत एक भोक. शेवटचा घास तुटला की पाणी भसकन वर येतं, बर्फाच्या वरच्या कडेच्या जेमतेम दोन-अडीच इंच खाली येऊन थांबतं. बर्फ तरंगतो ना, शाळेत शिकलेलं, एक दशांश वर नऊ दशांश खाली, ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. आणि पाण्याचा रंग कोऱ्या चहाचा. आजूबाजूच्या दलदलीचा अर्क उतरतो त्यात. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला जे अवजार असतं ते म्हणजे सरळसरळ आपला झारा, लांब दांड्याचा. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, कांदाभजी तळली काय?"

आता मुख्य काम. हिवाळ्यात मिनेसोटात एका माणसाला दोन दोर चालतात, उन्हाळ्यात एकच. एक दोर नुसता ठेवून द्यायचा, बॉबर, म्हणजे तरंगता गोळा लावून, हुकात जिवंत मिनो, म्हणजे बारीक मासोळी, ती बिचारी खाली तळापासून फूटभर वर पोहत राहते. दुसरा हातात. हातातला रॉड जेमतेम अडीच फुटी, खेळण्यातला वाटतो. त्याला चमचा, म्हणजे धातूची चकचकीत पट्टी, ह्या चहाच्या पाण्यात सोनेरी किंवा अंधारात चमकणारी चालते असं शेजाऱ्याचं मत, आणि हुकाला शायनर माशाचं मुंडकं. शायनर फ्रोझन मिळतो, गावात पेट्रोल पंपावरही. सकाळी थर्मासमधल्या चहाच्या झाकणाशेजारी ती मुंडकी वितळत ठेवलेली, म्हणजे नाश्ता करताना लक्ष ठेवायला लागतं कशात बुडवतोय.

आणि फ्लॅशर. हे सोनार, गोल डबा, दिव्यांचं कडं फिरतं. तळ म्हणजे जाड लाल पट्टा, तुमचा चमचा म्हणजे बारीक हिरवी रेघ, आणि मासा आला की दुसरी रेघ उगवते, लांब असेल तर हिरवी, जवळ आला की नारिंगी, बरोबर खाली आला की लाल. काही लोक म्हणतात ही फसवणूक आहे. मला नाही वाटत. मासा दिसतो म्हणून तो खातो असं थोडंच आहे, उलट दिसतो आणि खात नाही ह्याने माणूस जास्त वेडा होतो.

चमचा तळाला आपटायचा, दोन-तीन वेळा, चिखल उडाला पाहिजे, आवाज झाला पाहिजे. मग फूटभर वर, सोडून द्यायचा, मग स्थिर. मासा येतो हालचालीने पण तोंड लावतो चमचा थांबल्यावर. रेघ जवळ आली की चमचा हळूहळू वर न्यायचा, वॉलआय वर बघून शिकार करतो, मागे मागे येतो. चमचा त्याच्या खाली गेला की तो निघून जातो. त्याच्या डोळ्याच्या मागे मांजराच्या डोळ्यासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही, म्हणून सगळा खेळ पहाटेचा आणि संध्याकाळचा.

हे सगळं मला साडेआठपर्यंत पाठ झालं होतं आणि पुढच्या दीड तासात मी पाच मासे घालवले. रेघ यायची, लाल व्हायची, माझ्या रेघेला चिकटायची, मी श्वास रोखून बसायचो की आता ओढेल, आता ओढेल, आणि मग रेघ वेगळी होऊन खाली. चमचा वर काढला की मुंडकं गायब. पलीकडे शेजारी अधूनमधून मनगट एवढंसं झटकायचा आणि रॉड वाकायचा. मी विचारलं तुला कळतं कसं? म्हणाला काही वेगळं वाटलं की उचल, झटका द्यायला पैसे पडत नाहीत. मला काहीच वेगळं वाटत नव्हतं. खाडीत शेंगटी लागते ती कशी, हातातून दोर हिसकते. इथे मी तेच शोधत होतो. तोपर्यंत मेव्हण्याच्या बॉबरवाल्या दोराला, ज्याकडे तो बघतही नव्हता, एक १६ इंची वॉलआय स्वतःहून लागला. आयुष्यातला पहिला मासा, पुढचे चार तास मला टिप्स देत होता.

दहानंतर सगळं थंड. थालीपीठं काढली, शेजाऱ्याने केचप लावून चार खाल्ली आणि त्याचा हॉटडिश शेगडीवर ठेवला, बटाट्याच्या गोळ्या, खिमा, कॅनमधलं सूप, म्हणजे बेचव असायला पाहिजे पण उणे २९ मध्ये बेचव काही नसतं. दुपारी बाहेर गेलो, तर नाकातले केस गोठले, पापण्या चिकटल्या, आणि आवाज. बर्फ बोलतो हो. लांबून कुठूनतरी सुरू होतं, जसं विजेच्या तारेवर कोणी काठी मारली, तो आवाज तुमच्या पायाखालून सळसळत निघून जातो आणि मग धडाम. मी उडालो. शेजारी म्हणाला आवाज येतोय म्हणजे बर्फ वाढतोय, चांगलंय. मला काही ते चांगलं वाटलं नाही.

चार वाजता उजेड पिवळा झाला. ४ वाजून २० मिनिटांनी रेघ आली. तळाला नाही, तळापासून चार फूट वर. मी चमचा वर घेतला, ती मागे आली, अजून वर, अजून मागे. थांबलो. आणि मग जे झालं ते सांगायला शब्द कमी आहेत कारण काहीच झालं नाही. चमचा हातात जेवढा लागत होता, त्याचं वजन मला आता दिवसभर बसून माहीत झालं होतं, ते वजन गेलं. नुसतं गेलं. दोर सुटल्यासारखा. रॉडचं टोक अर्धा इंच वर आलं. मासा चमचा तोंडात धरून वर आला होता आणि त्याच्यामुळे माझ्या हाताला काही लागत नव्हतं. हलकी लागली तरी उचल. बाबांचा आवाज अक्षरशः कानात. मनगट वर घेतलं आणि रॉड वाकला.

मासा लहानच, १४ इंच, आणि वॉलआयसुद्धा नाही, त्याचा चुलतभाऊ, सॉगर. वरच्या पंखावर काळे ठिपके, अंगावर पट्टे, आणि वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला असतो तो पांढरा ठिपका नाही. मला काय फरक पडत नव्हता. पुढच्या तासाभरात चार वेळा तसं झालं, दोनदा हलकं, एकदा जड, ओल्या फडक्यात चमचा अडकावा तसं, आणि एकदा काहीतरी, बस काहीतरी. पाण्यातल्या त्या तीस फुटांवरचं आपल्याला कळतंय ही मजा मी खाडीवर कधी घेतलीच नव्हती, कारण तिथे बाबा गरी धरायचे आणि मी डबा.

त्यातला जड लागलेला मासा मोठा. रीलमधून दोर कर्र कर्र सुटायला लागला, शेजारी स्वतःचे दोर गुंडाळून माझ्या भोकाशी गुडघ्यावर. दोर बर्फाच्या कडेला घासू देऊ नकोस, टोक भोकाच्या मध्ये ठेव. सकाळी मेव्हण्याचा एक असाच गेला होता, मुंडकं भोकाच्या खालच्या कडेला आपटलं आणि सुटला. चहाच्या पाण्यात आधी डोळा दिसला. हेडलॅम्पच्या उजेडात हिरवट-पांढरा, काचेच्या गोटीसारखा, मग मुंडकं, शेजाऱ्याने वळवून भोकात आणलं आणि वर. कल्ल्याच्या कडेला हात लावू नकोस म्हणेपर्यंत मी लावला, ब्लेड आहे ते, अंगठ्याला अजून व्रण आहे. सोनेरी, ऑलिव्ह, पोट पांढरं, आणि काय ते पोट. पट्टीवर ठेवला, शेपटी चिमटीत धरून, साडेचोवीस इंच.

सोडायचा.

म्हणजे काय सोडायचा? मेव्हणा भांडायलाच उठला. तर आम्ही गेलो तेव्हाचा नियम असा, एका माणसाला वॉलआय आणि सॉगर मिळून सहा, त्यात वॉलआय चारपेक्षा जास्त नाही, आणि साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचाचा वॉलआय ताबडतोब परत पाण्यात. कारण ह्या मापातल्या बहुतेक माद्या, एकेक मादी लाखांनी अंडी घालते. मी त्याला, तिला, दोन हातांनी भोकात मुंडकं खाली करून धरलं, एक क्षण तशीच राहिली, मग शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून गेली. मेव्हणा म्हणाला, "दोन किलोची गाबोळीवाली सुरमई परत टाकल्यासारखं झालं हे."

रात्री रॅटल रील लावले. भिंतीला चरखी, तिच्यात खुळखुळा, दोर थेट पलंगाशेजारच्या भोकात, मासा लागला की खुळखुळा वाजतो आणि तुम्ही अंडरवेअरवर उठून हाताने दोर ओढता. पावणेतीनला वाजला. मेव्हण्याचा. जड, संथ, दगड वर यावा तसा. वर आला तो बघून त्याने दोरच सोडला. ईलपाउट. तपकिरी, बुळबुळीत, हनुवटीला एक मिशी, वामीला बेडकाचं तोंड लावल्यासारखा, आणि हातात धरला की शेपटी तुमच्या मनगटाला गुंडाळतो. मला झोपेत वाटलं खोलीत साप शिरला. कॉड ज्या खानदानातला त्याच खानदानातला हा गोड्या पाण्यातला, काही लोक ह्याला गरिबाचं लॉबस्टर म्हणतात आणि लोण्यात उकडून खातात. आम्ही सोडला. आता वाटतं खाऊन बघायला पाहिजे होता.

रविवारी सकाळी आठ ते दहा परत चांगलं चाललं, मला अजून एक सॉगर आणि एक १७ इंची वॉलआय, ठेवता येणारा. दुपारी वडाप आली आणि परत.

रिसॉर्टला मासे साफ करायची वेगळी खोली असते, गरम, आत पोरं, म्हातारे, सगळे सुऱ्या घेऊन. शेजाऱ्याने कल्ल्यामागे एक काप, पाठीच्या काट्यावरून सर्रकन शेपटीपर्यंत, उलटवून कातडीवरून मांस सोडवलं, मिनिटाला एक मासा. मी अख्खा मासा तुकडे करून नेणारा, मुंडकं फेकून देताना जीव तुटत होता, मुंडक्याची आमटी! वाहून नेताना तुकड्यावर इंचभर खवलेवाली कातडी ठेवावी लागते, कोणता मासा ते ओळखता यावं म्हणून. मग त्याने फेकायच्या मुंडक्यांतून प्रत्येकी दोन गोल तुकडे काढले, आठ आण्याच्या नाण्याएवढे. गाल. हे पोरांना दे म्हणाला. स्वतःच्यातले तीन मासे पण आम्हालाच दिले, मिळून आमच्याकडे सात.

घरी कोकमाचं आगळ, हळद, मीठ, आलं-लसूण, मालवणी मसाला, रवा-तांदळाचं पीठ, लोखंडी तवा. चिखलाचा वास नाही, काहीच वास नाही, मांस पांढरं, पाकळी पाकळी सुटणारं, पापलेटच्या आसपासचं काहीतरी. समुद्राचा मासा तो समुद्राचाच, पण हा मासा आहे, हे मी मान्य करतो. शेजाऱ्याला डबा नेऊन दिला, त्याने विचारलं आंबट काय आहे, कोकम म्हटलं, तर ते कुठल्या झाडाला येतं हे सांगण्यात अर्धा तास गेला.

बाबांना फोनवर फोटो दाखवला साडेचोवीस इंचीचा. "गाबोळी होती काय?" असणार म्हटलं. "आणि सोडलंस?" हो. मला वाटलं आता शिव्या. तर म्हणाले, "मगे बरा केलंस. आमी जून-जुलयात होडी वर काढतव ता कित्याक?" आणि लगेच, "हलकी लागली मां?" मी म्हटलं हो बाबा, हलकीच लागली.

गाल वेगळे तळले होते. सात माशांचे चौदा पाहिजेत. पोरीने ताटात मोजले, तेरा निघाले, आणि ती सरळ माझ्याकडे बघायला लागली.